एकसारख्या दारांचा रंगारी

कारखान्यावर लिहिणारे सगळे भट्टीवर लिहितात. वितळलेलं लोखंड, ठिणग्या, लाल झालेलं आभाळ. मी भट्टी जवळून दोनदाच पाहिली, तीही रंगाचा डबा हातात घेऊन. मी रंगारी आहे. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा त्याच्या बाजूला कामगारांची वसाहतही उभी राहत होती, आणि तिथल्या दारांवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे होतं. संपादक म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण भाषण नको." पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरीचा प्रयत्न करतो.

आधी काम सांगतो. दारावरचा नंबर हाताने काढत नाहीत. पत्र्यात आकडे कापलेले असतात, तो पत्रा दाराशी घट्ट धरायचा आणि आखूड केसांच्या ब्रशने रंग ठोकत जायचा. ब्रश ओढला की रंग पत्र्याखाली शिरतो आणि तीनचा आठ होतो. अळशीचं तेल जास्त झालं तर आकडा ओघळतो. टर्पेन्टाइन जास्त झालं तर पहिल्याच उन्हाळ्यात पोपडे निघतात, आणि इथला उन्हाळा कुणाला सोडत नाही. सगळी दारं हिरवी, सगळ्या भिंती पिवळसर, सगळ्या पायऱ्या सिमेंटच्या. एका ओळीत बारा क्वार्टर, तिला आम्ही लाईन म्हणतो. दारात उभं राहून डावीकडे पाहा की उजवीकडे, तेच दार.

लोकांना हे रूक्ष वाटायचं. मला नाही. मी तुमसरजवळच्या ज्या गावातून आलो तिथे दार पाहून माणसाची जात कळत असे. कुठलं दार किती उंच, कुणाच्या दाराला चौकट आणि कुणाच्या दाराला नुसता बांबूचा तट्ट्या, हे गावाने कधीचं ठरवून ठेवलेलं होतं. मी शाळेत कमी आणि पत्रकांवर जास्त शिकलो. गावात सभा झाली की जमिनीवर पडलेली पत्रकं गोळा करून मी ती पाठ करायचो. माणसं समान आहेत, असं त्यांत छापलेलं असायचं. ते डोळ्यांनी पाहिलं मी भिलाईत, आणि ते मी स्वतःच्या हाताने रंगवत होतो. त्यामुळे कुणी आपल्या दारावर कमळ काढलं, नाव लिहिलं, की मी डबा घेऊन हजर. कमळावर हिरवा हात मारायचा आणि घरच्यांना समतेवर चार वाक्यं ऐकवायची. ऑफिसचा नियम होताच, पण मी नियमासाठी करत नव्हतो. माझी श्रद्धा होती ती.

या एकसारखेपणाने घोटाळे व्हायचेच. भंडाऱ्याकडचा एक गडी ड्युटीवरून आला, जोडे काढले, पाटावर बसला, ताटभर भात जेवला आणि हात धुताना विचारता झाला, "वहिनी, आमची बायको कुठी गेली?" ज्या बाईने वाढलं तिला तो नवऱ्याचा नवा दोस्त वाटला होता. एकदा तर मीच पलीकडच्या एका लाईनीत पाच हा आकडा दोनदा टाकला आणि पुढची सगळी घरं एकेकाने मागे सरकली. एका मलबारी कुटुंबाला मुलगा झाल्याची तार शेजारच्या तेलुगू घरात गेली. त्यांना तार वाचता येईना. पोस्टमन "बेटा हुआ, बेटा" सांगून गेला, म्हणून त्यांनी गोड वाटलं. त्या घरात अजून लग्नही झालेलं नव्हतं. मला त्या लाईनीतून तीन दिवस लपून फिरावं लागलं.

हे हसण्यासाठी सांगत नाही. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सगळेच चुकीच्या घरात शिरत होते, म्हणून सगुणामाय शिरायला लागली तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही.

सगुणामाय म्हणजे देवाजीची आई. देवाजी कारखान्यात खलाशी होता, जड सामान दोरखंडाने चढवायचं त्याचं काम. माझ्याच लाईनीत सात नंबरला तो, बायको यमुना आणि आई राहायची. मी शेवटच्या, बारा नंबरला आणखी दोघा रंगाऱ्यांसोबत. माय गोंदियाकडच्या खेड्यातली. जन्मभर शेण, माती, बैल आणि धान यांत हात घातलेली. इथे आल्यावर तिच्या हातांना कामच उरलं नाही. सिमेंटची पायरी सारवायची नसते, नळाला विहीर लागत नाही, आणि सून चांगली म्हणून तिने सासूला चुलीपाशीही जाऊ दिलं नाही.

माय पहिल्यांदा नऊ नंबरला शिरली तेव्हा लाईन हसली. मग ती चार नंबरला जाऊन "यमुने, माह्यं लुगडं कुठी ठेवलं वो?" असं विचारू लागली. मग एके दुपारी तिने देवाजीला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली, आणि त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. देवाजीने तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी तिच्याशी बराच वेळ गप्पा मारल्या आणि देवाजीला सांगितलं, "हे वेड नव्हे, आजार आहे. माझ्याजवळ औषध नाही. तिला खोटं पाडू नका, आणि बसवून ठेवू नका." घरी येऊन देवाजी हे सांगत असताना माय पायरीवर बसून म्हणाली, "डाक्तरीन बाई चांगली होती. तिले पोट्टे किती?" म्हणजे ती सगळंच विसरत होती असंही नाही.

एका दुपारी यमुना दळण घेऊन गेली आणि माय निघाली. आमच्या वसाहतीच्या पुढे रिसाली गाव, तिथली शेतं. तिथल्या फुलबासन नावाच्या बाईने तिला बांधावर पाहिलं. फुलबासन आमच्याकडे टोपलीत पांढरी माती विकायला यायची. इकडचे लोक त्या मातीला छुही म्हणतात आणि तिने घरं पोततात, म्हणजे पांढरी लिंपतात. हात धरून तिने मायला लाईनीपर्यंत आणलं. मायच्या पायात काटे, ओठ सुकलेले. यमुना तिला पाहून पायरीवर बसली आणि रडू लागली. फुलबासन म्हणाली, "झन रो बहिनी, दाई मिल गे न." रडू नको, आई मिळाली ना.

दुसऱ्या दिवशी यमुना माझ्याकडे आली. पदर नीट करून, जणू साहेबापुढे उभी आहे अशी.

"वसंतभाऊ, एक काम होतं. आमच्या दारावर काई तरी काढून द्या. काईबी. मोर म्हना, फूल म्हना. माय त्याले पाहून घर वयखन."

मी काय केलं ते मला लिहायचंच आहे. मी तिला भाषण दिलं. आज एका दारावर मोर आला तर उद्या दुसऱ्यावर वाघ येईल, परवा तिसऱ्यावर आडनाव, आणि मग आपलं गाव इथेही उभं राहील, असं काहीबाही. वाक्यं चांगली होती. यमुनेने ती सगळी ऐकली.

"म्हंजे नाही," ती म्हणाली.

"तत्त्वाचा प्रश्न आहे, वहिनी."

"हो. मी कुलूपच आनते मंग."

मला ते रागाचं बोलणं वाटलं. आठवडाभराने एका दुपारी मी आमच्या लाईनीतून जात होतो. सात नंबरला बाहेरून कुलूप होतं. खिडकीच्या जाळीतून आतून बोटं बाहेर आली होती, सुरकुतलेली, नखांत माती नसलेली.

"कोन हाय गा तथी? दार उघड ना, बाप्पू. बैलाईले पानी दाखवाचं हाय. तहानले असतीन."

मी म्हणालो, "माय, यमुना येईलच आत्ता."

"बैल थांबतीन काय येईलच म्हनून?"

मी पत्रा आणि डबा हातात घेऊन उभा राहिलो. त्या दाराचं कुलूप यमुनेने लावलं होतं, पण किल्लीत माझा वाटा होता. तिला पाण्याला, दळणाला, दवाखान्याला जावं लागे. देवाजीच्या पाळ्या बदलत्या. ती बाई करणार काय? मला कुणी कोंडलं असतं तर मी कारखाना बंद पाडायची भाषा केली असती.

त्या रविवारी मी सात नंबरचं दार रंगवलं. मायच्या तोंडी सारखे बैल असत, म्हणून बैलजोडी काढली. पांढरे बैल, शिंगांना लाल गोंडे, पाठीवर झूल. पत्रा नाही, मोकळ्या हाताने. मी आजवर जे काही रंगवलं त्यात ते सगळ्यांत चांगलं होतं, आणि हे मी नम्रपणे सांगत नाही. अख्खी लाईन पाहायला जमली. देवाजीने कुलूप काढलं, आईला सडकेच्या टोकापर्यंत नेलं आणि म्हणाला, "चाल माय, आता आपलं घर दाखव मले."

माय हळूहळू आली. बैलांसमोर थांबली. तिचा चेहरा उजळला. तिने बोटाने गोंडे दाखवले.

"काय जोडी हाय वो! कोन्या पाटलाचं घर हाय हे?"

आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून, दाराकडे पाठ न करता, आदबीने ती बाजूने पुढे निघून गेली. अशा दारात ती जन्मात कधी शिरली नव्हती. ती शिरली आठ नंबरला, जिथे काहीच काढलेलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. यमुना माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. सोमवारी कुलूप पुन्हा लागलं.

यानंतर जे झालं त्यात माझी अक्कल कुठेच नाही. दोन-तीन दिवसांनी सकाळी यमुना घरीच होती, दार उघडं होतं. फुलबासन टोपली घेऊन आली आणि टेकायला सात नंबरच्या पायरीवर बसली. टोपलीतली माती ओली होती. माय आतून बाहेर आली. तिने मातीचा वास घेतला, चिमूटभर बोटांत चोळली आणि म्हणाली, "रेती हाय यात."

"नइ हे दाई, बने माटी हे," फुलबासन म्हणाली. चांगली माती आहे.

"हाय. चाळून घे. फडकं आन, यमुने."

यमुना "नको माय, हात खराब होतीन" म्हणायला गेली आणि मधेच थांबली. तिने फडकं आणलं. पाणी आणलं. मायने माती चाळली, कालवली, बोटांवरून गळते कशी ते पाहिलं, आणखी थोडं पाणी घातलं. मग लुगडं खोचून ती उकिडवी बसली आणि त्या सिमेंटच्या पायरीला पोतारा दिला. कडेला दोन बोटांची पट्टी ओढली. गेरू मिळाला नाही तर माझ्याकडून लाल रंग मागवला. मी आणून दिला आणि बाजूला उभा राहिलो. आकडा काढायला मला पत्रा लागतो. तिने एक हात लांब रेघ मोकळ्या हाताने ओढली आणि ती कुठे हलली नाही. सकाळपासून सुनेचं नाव तीनदा विचारलेली बाई होती ती.

संध्याकाळी देवाजीने पुन्हा तिला सडकेच्या टोकाला नेलं. माय चालत आली. एक नंबर, दोन नंबर, पुढे. बैलांकडे तिने पाहिलंही नाही. पायरीकडे पाहिलं, थबकली, आणि म्हणाली, "वाळली नाही अजून. बाजूनं पाय ठेव, देवाजी."

नावासकट. देवाजीने जोडे काढून हातात घेतले आणि बाजूने पाय ठेवला.

गोष्ट इथे संपवली तर छान दिसेल, पण ती इथे संपली नाही. मायला आता रोज सकाळी काम हवं होतं. आपली पायरी पोतून झाली की ती उरलेली माती घेऊन आठ नंबरला जायची. मग नऊ. "तुह्या सासूनं शिकवलं नाही काय वो?" म्हणत तिने तेलुगू बाईची पायरी पोतली. तेलुगू बाईला एक अक्षर कळलं नाही, पण तिने स्वतःची तांदळाच्या पिठाची रांगोळी त्यावर काढून दिली. महिन्याभरात बाराही पायऱ्या पांढऱ्या, बाराहींना लाल काठ. आणि बैल सोडले तर बाराही दारं पुन्हा एकसारखी. माय कुठल्याही घरात शिरू लागली, आता पूर्वीपेक्षाही बिनधास्त, कारण सगळीच पोतलेली होती आणि सगळी तिनेच.

यमुनेने डोक्याला हात लावला. लाईनीतल्या बाया नळावर जमल्या. मीही गेलो, बोलायची तयारी करून. बोलावं लागलं नाही. नऊ नंबरची तेलुगू बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "आती है तो आने दो. बैठेगी, पानी पिएगी. लेकिन इसको कैसे मालूम, किधर बैठी?" इसको म्हणजे यमुनेला.

तेवढाच प्रश्न होता, आणि तेवढाच माझ्या हातचा होता. युनियनच्या झेंड्यांचं लाल कापड माझ्याकडे उरलं होतं. त्याचे बारा तुकडे केले, प्रत्येक दारावर एक खिळा मारला. माय ज्या घरात असेल त्या घराने तुकडा बाहेर लटकवायचा. यमुनेने दळणावरून येताना सडकेच्या टोकावरून नजर टाकली की पुरे. ती बाई त्यानंतर पहिल्यांदा एका दुपारी झोपली, असं तिनेच मला सांगितलं. साधं दुपारी झोपणं.

देवाजीने कुलूप सायकलीला लावलं.

मग ऑफिसचे ओव्हरसियर आले. कुणी मोठे पाहुणे कारखाना पाहायला येणार होते आणि वसाहत नियमाप्रमाणे दिसायला हवी होती. सडकेच्या टोकाला उभे राहून त्यांनी बारा रंगवलेल्या पायऱ्या, एक बैलजोडी आणि चार नंबरवर फडकणारं लाल कापड पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"वसंत! यहाँ स्ट्राईक है क्या?"

"नहीं साहब. माँजी चार नंबर में बैठी हैं."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वो सब ठीक है. कल शाम तक सब साफ. सीमेंट दिखना चाहिए."

पायऱ्या खरवडल्या की माय पुन्हा शेताकडे निघणार, म्हणजे पुन्हा कुलूप, हे मला आणि लाईनीला ठाऊक होतं. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा नाही म्हणालो. माझी नोकरी कच्ची होती, एका चिठ्ठीने गेली असती. खिशात हात घातला. तिथे आदल्या दिवशीचं पत्रक होतं, आणि डोक्यात एक पूर्ण भाषण तयार होतं. दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात माय चार नंबरमधून बाहेर आली. उन्हात उभे असलेले, धुळीने भरलेले, पन्नाशीचे ओव्हरसियर तिला कोण वाटले देव जाणे. तिने त्यांचा हात धरला.

"किती वाळला गा. जेवला नाही काय? चाल. पन पाय पुसून ये, पोतलं हाय."

ओव्हरसियरना मराठी येत नव्हतं. हात धरून ओढणं कळत होतं. त्यांनी दारातल्या फडक्यावर बूट पुसले, आत गेले आणि चटईवर बसले. तिने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते पाणी पिईपर्यंत उभी राहिली.  बाहेर आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि कागदावर काहीतरी लिहीत मला म्हणाले, "मेहमान की गाड़ी मेन रोड से जाएगी. इस लाईन में आने का कोई कारण नहीं." मग जाता जाता, "बैल के सींग टेढ़े हैं." शिंगं अजिबात वाकडी नव्हती. माझं भाषण खिशातच राहिलं, आणि आजवरच्या न केलेल्या भाषणांत मला तेच सगळ्यांत आवडतं.

याला आता काही वर्षं झाली. माय आहे. ती बरी झालेली नाही, होणारही नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आता ती पुष्कळदा गप्प असते. यमुना वर्षातून एकदा आठ दिवस माहेरी जाऊन येते. त्या दिवसांची पाळी लाईन वाटून घेते. आई ओळखत नाही म्हणून देवाजी आता तिच्यावर चिडत नाही. ती बापाच्या नावाने हाक मारते तेव्हा तो "ओ" देतो. हे शिकायला त्याला दोन वर्षं लागली. दारांवर हिरवा हात मारायला मीही जात नाही. माणसं समान आहेत, हे मी आजही मानतो आणि गरज पडली तर चौकात उभा राहून सांगेन. पण समतेसाठी बारा दारं एका डब्यातून रंगवावी लागतात, हा माझा हिशेब कच्चा होता.

यंदा दिवाळीआधी मायचे हात थरथरत होते. बायांनी आपापल्या पायऱ्या आपणच पोतल्या. माय बाजेवर बसून पाहत होती, एकीला म्हणाली, "काठ वाकडा गेला, पूस." तिने पुसला. मी ड्युटीवरून परत आलो तर माझ्याच, बारा नंबरच्या पायरीवर माय बसलेली. आम्हा रंगाऱ्यांच्या घरात बाई नाही, त्यामुळे आमची पायरी सगळ्यांत शेवटी राहिली होती. ती तिने स्वतः पोतली होती. काठ थोडा हललेला.

"कोन गा तू?" तिने विचारलं.

"मी वसंता, माय. रंगारी."

"हे घर कोनाचं?"

"तुमचंच."

तिने मला वरून खाली पाहिलं. हातातला डबा, कपड्यांवरचे डाग.

"मंग बाहीर कावून उभा? ये आत. बाजूनं पाय ठेव, वाळलं नाही अजून."

मी खिळ्यावर लाल कापड लटकवलं आणि बाजूने पाय ठेवून आत गेलो.